कांद्याचा पापुद्रा

समुद्रपूरच्या कॉलेजात मी कला शाखेच्या मुलांना जीवशास्त्राची तोंडओळख करून देते. जामहून येताना बसमध्ये कापूस वेचायला निघालेली एक बाई रोज शेजारी बसायची. नाव कधी विचारलं नाही. एकदा माझ्या पुस्तकातल्या पेशींच्या चित्रावर तिने चिरा पडलेलं बोट ठेवलं.

"मॅडम, हे कांद्यात दिसते न? आमच्या बाई दाखवतो म्हनल्या होत्या. तेवढ्यात माह्यं लगन जमलं, शाळाच सुटली."

बाजाराच्या दिवशी मी तिला प्रयोगशाळेत नेलं. पदराला हात पुसून ती सूक्ष्मदर्शकावर वाकली, ती बराच वेळ उठलीच नाही.

"दिसलं?"

"दिसलं. पन मॅडम, याच्या पुढचा धडा कोनता होता?"

वेचणी संपली, तशी ती बसला दिसेनाशी झाली. पुढचा धडा शिकवताना मी अजून दाराकडे बघते.