मंदाने लिहून ठेवलेली माणसं

शेवटची भेट झाली तेव्हा मंदा लालबागच्या घरात पाठीशी दोन उशा घेऊन खिडकीत बसली होती. आडवं पडलं की तिला दम लागायचा. खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. मी दचकले. ती दचकली नाही, फक्त तिचं तोंड किंचित उघडलं. "तिथली सवय," ती म्हणाली. "तोंड उघडं असलं की कान वाचतात म्हणे... माझा एक गेलाच." चार दिवसांनी तिच्या नवऱ्याचा, मोहन भावजींचा फोन आला, मंदा गेली. त्याला आता दीड महिना झाला.

परळच्या इस्पितळात आम्ही बावीस वर्षं एकत्र काढली. ती अपघात विभागात सिस्टर, मी तिथेच केसपेपर लिहिणारी. लवकर निवृत्ती घेऊन ती एका मदत संस्थेबरोबर लढाई चालू असलेल्या देशात निघाली, तेव्हा मी तिच्याशी भांडले. ती शांतपणे म्हणाली, "तिथे माणसं येतात नि नोंद न होताच जातात गं."

पहिल्याच आठवड्यातली एक गोष्ट तिने मला एकदाच सांगितली. बाजारात बॉम्ब पडला होता. जखमींबरोबर एक बाई चालत आली, अंगावर ओरखडासुद्धा नाही. नवऱ्याला स्ट्रेचरवर ठेवून ती इतरांना पाणी देत फिरत होती. लागलेले इतके होते, की मंदाने तिला नुसतं बाजूला बसायला सांगितलं. दुपारी ती भिंतीला टेकून खोकायला लागली, ओठ निळे पडले, आणि ऑक्सिजन लावेपर्यंत संपली. स्फोटाच्या धक्क्याने फुप्फुसं आतल्या आत फाटली होती. "सुलभा, मी तिला नावसुद्धा विचारलं नव्हतं..."

त्यानंतर मंदा येईल त्याला लिहून ठेवायला लागली, लागलेलं असो वा नसो. नाव, वय, स्फोट कुठे झाला, किती पावलांवर होता, बंद खोलीत की उघड्यावर, कानात शिट्टी वाजतेय का, श्वास कसा आहे. अंगातून काढलेले लोखंडाचे तुकडे नाव घातलेल्या डबीत. ड्युटी संपली की पानांचे फोटो ती मला पाठवायची. "माझं अक्षर फक्त तुलाच लागतं," म्हणायची, म्हणून मी ते इथे वह्यांत उतरवून काढायचे. पुढेपुढे मला त्या पानांची भीती वाटायला लागली. 'कुठे' या रकान्यात आधी बाजार असायचा. मग मागची गल्ली आली. मग तिच्या तिथल्या इस्पितळाचं फाटक. मी कळवलं, मंदा, परत ये. उत्तर आलं, उद्या बोलू. त्यानंतर नऊ दिवस काहीच नाही.

बॉम्ब इस्पितळावरच पडला होता. तिथले सगळे कागद जळाले. मंदा परत आली आणि भेटेल त्याला सांगत राहिली, "मला काही लागलं नाही." वर्षभर तिची पानं उतरवल्यावर त्या वाक्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. "किती पावलांवर होतीस?" मी विचारलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. "चहा टाकते," म्हणाली. मग खोकला सुरू झाला, तो दोन वर्षांत थांबला नाही. मृत्यूच्या दाखल्यात फुप्फुसाचा आजार एवढंच आहे. स्फोटाशी संबंध होता का, हे आता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तिच्या फोनवर अजून तिथून, आपल्या माणसांची चौकशी करणारे फोन येतात. भावजींना ते कळत नाहीत, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे आणून दिला. गेल्या आठवड्यात दुपारी एका बाईचा फोन आला. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, सिस्टर मंदा आहेत का? ती गेल्याचं मी सांगितलं. मग तिने भावाचं नाव सांगितलं. कुठे पुरला तेही तिला माहीत नव्हतं. तिसऱ्या वहीत तो सापडला. वय सव्वीस, बंद खोली, पंधरा पावलं, तासाभराने श्वास थांबला. मी सावकाश वाचून दाखवलं.

"तो एकटा होता?" तिने विचारलं.

त्यासाठी रकाना नव्हता. पण समासात मंदाने मराठीत लिहिलं होतं, 'मी हात धरून बसले होते.' ते मी तिला जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. पलीकडे तिने नाक शिंकरल्याचा आवाज आला, आभार मानले. मी फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "आता धाकट्या भावाचं नाव सांगू?"