गोळीला कुंपण कळत नाही

माझ्या भावानं आयुष्यात दोनच गोष्टी न चुकता केल्या. गाईंचं दूध काढणं, आणि शिकारीच्या आदल्या शुक्रवारी शेजाऱ्यांची दारं वाजवणं. गाई विकून अकरा वर्षं झाली. दारं वाजवणं काही सुटलं नाही.

ऑर्लिन हाउगस्टाड त्याचं नाव, वय शहात्तर. मी त्याची धाकटी बहीण, व्हर्ना. नवरा गेल्यावर दादाकडे आले ती एका हिवाळ्यापुरती म्हणून, त्याला आता नऊ हिवाळे झाले. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात नऊ दिवस हरणांच्या शिकारीचे. त्या नऊ दिवसांत कुणी मेलं तरी लोक आधी विचारतात, मेला तो मचाणावर की घरी? मला त्या सगळ्याचा वीट आलाय. भिजलेले मोजे, दारातला चिखल, आणि त्याच त्याच गोष्टी, दर वर्षी हरीण एक वीत मोठं होत जातं!

पण दादाची शिकार म्हणजे शिकार कमी आणि रीतभात जास्त. शुक्रवारी तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून चारी बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जायचा. जुन्या पाकिटाच्या पाठीवर नकाशा काढायचा. हे माझं मचाण, ही तुमची हद्द, माझं तोंड पूर्वेला टेकडीकडे, म्हणजे नेम चुकला तरी गोळी मातीत जाणार. खाली ठळक आकड्यांत फोन नंबर. "काही खटकलं तर फोन करा, मी खाली उतरतो." मग हद्दीवरच्या झाडांना नारिंगी फिती बांधायच्या. जखमी हरीण पलीकडे गेलंच तर बंदूक रिकामी करून आपल्याच बाजूच्या झाडाला टेकवायची, टोपी काढून शेजाऱ्याचं दार वाजवायचं, आणि तो हो म्हणाला तरच पाऊल टाकायचं. नाही म्हणाला तर हरीण कोल्ह्यांचं. गावातले टवाळ म्हणायचे, "ऑर्लिन हरणालासुद्धा आधी पत्र धाडतो." दादा म्हणायचा, "गोळीला कुंपण कळत नाही. ते बंदूकवाल्याला कळावं लागतं."

पश्चिमेकडे मात्र अडतीस वर्षं नकाशा लागला नाही. तिकडे कॅझिमिर होता, आम्ही त्याला कॅझ म्हणायचो. त्याची नि दादाची हात मिळवून ठरलेली बोली होती, की दोघांनी एकमेकांच्या हद्दीत खुशाल गोळी झाडावी. त्या बाजूला मैलभर नुसती दलदल आणि झुडपं, माणूस म्हणून नाही. कॅझ सहा वर्षांमागे गेला, मुलांनी जमीन विकली, आणि तीन वर्षांपूर्वी मिलवॉकीहून आलेल्या रेनाटा आणि तिच्या नवऱ्यानं तिथल्या उंचवट्यावर घर बांधलं, हद्दीपासून जेमतेम दोनशे पावलांवर. पहिल्या वर्षी दादा त्यांच्यासाठी हरणाचं सॉसेज घेऊन गेला, तर ती म्हणाली, "आम्ही मांस खात नाही हो." पुडकं मांडीवर ठेवून हा गाडीत परत आला. "माणसं चांगली आहेत," म्हणाला, "बहुतेक आजारी असावीत." तेव्हापासून दर वर्षी त्या शुक्रवारी माझ्या बीटाच्या लोणच्याची एक बरणी तिकडे जाते.

यंदा त्याला मचाणावर जाऊ द्यावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. सप्टेंबरात एकदा पहाटे पाचला तो गोठ्यात सापडला होता. हातात बादली. गाई कुठे गेल्या, म्हणून मला विचारत होता. थोड्या वेळानं भानावर आला, हसला, म्हणाला, झोपेत होतो. मीही हसले. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरला तर नाहीच. त्याच्याकडून ते नऊ दिवस काढून घेतले तर उरलेले साडेतीनशे त्याला कसे काढायला लावायचे? एवढं बळ माझ्यात नव्हतं. आणि शुक्रवारी रेनाटाच्या स्वयंपाकघरात त्यानं नकाशा असा अचूक काढला की मला माझीच लाज वाटली. तिनं तो फ्रिजवर लावला.

शनिवारी सकाळी, चांगलं उजाडल्यावर, एक गोळी ऐकू आली. एकच. पाठोपाठ फोन. "व्हर्ना, घसरगाडी घेऊन ये. हरीण पलीकडे पडलंय."

"पलीकडे म्हणजे?"

"आपल्या बाजूला मारलं, उडी मारून कॅझच्या... रेनाटाच्या बाजूला गेलं. मी विचारायला जातो."

मी बूट चढवले, हरीण बर्फावरून ओढून आणायची घसरगाडी घेऊन निघाले. गुडघे माझेही काही धड नाहीत. पोचले तेव्हा तो रेनाटाच्या दारातून परतत होता, टोपी हातात. बंदूक रिकामी करून आमच्या ओकच्या झाडाला टेकवलेली. "हो म्हणाली," तो म्हणाला. "सावकाश न्या म्हणाली. बघ, नीट विचारलं की माणसं नीटच वागतात."

हरीण दलदलीच्या काठाला पडलं होतं, मोठा नर. दादा सवयीनं रक्ताचा माग उलटा काढत गेला. गोळी लागली तिथे केस गळून पडतात, ती जागा बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी त्याच्या मागे. रक्त थांबलं, बर्फावर करड्या केसांचा झुबका दिसला, आणि दादा जागच्या जागी उभा राहिला.

मी मागे वळून फिती शोधल्या. वीसेक पावलांवर होत्या. आपल्या बाजूचा बर्फ कोरा होता. खुराचा एक ठसा नाही. हरीण आमच्या जमिनीवर आलंच नव्हतं.

मचाणाच्या पाठीमागून आलं असणार, आणि दादा पूर्ण पश्चिमेला वळला असणार. मी केसांच्या जागेवरून मचाणाकडे पाहिलं, मग वळून त्याच रेषेत पलीकडे. समोर रेनाटाची स्वयंपाकघराची खिडकी. ती खिडकीत उभी राहून कप धूत होती. तिनं हात हलवला. मीही हलवला, काय करणार!

मग मी जे केलं ते सांगते. बुटानं त्या केसांवर बर्फ सारला.

"व्हर्ना."

"काय व्हर्ना? चल, पाय धर त्याचे. थंडी मरणाची आहे."

"बर्फ काढ."

"दादा, कुणाला कळणार आहे? कुणाला लागलं का? नाही ना? ओढून आपल्या बाजूला नेऊ आणि गप घरी जाऊ. मी दमलेय रे. मला आता कुणाकुणाला तोंड द्यायची ताकद नाही."

"मलाही नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा रेनाटाच्या घराकडे चालू लागला. पाय ओढत होता. त्याला एकट्याला जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मीही गेले.

रेनाटानं दार उघडलं. "काय झालं? मिळालं नाही का?"

"मिळालं. पण मी तुला खोटं सांगितलं. ठरवून नाही, पण खोटंच. ते हरीण तुझ्या जमिनीवर उभं होतं. मी हद्दीपलीकडे गोळी मारली."

"बरं," ती म्हणाली. तिला त्यात मोठंसं काही वाटलं नव्हतं. "हरीण इथलं तिथलं, मला काय फरक पडतो? न्या तुम्ही."

हे ऐकून मला वाटलं, सुटलो! चल, म्हातारड्या, आता तरी वळ. मी त्याची बाही ओढली. त्यानं ती सोडवून घेतली.

"तुझ्या लक्षात येत नाहीये, पोरी. त्या रेषेत तुझी ही खिडकी आहे. हरीण मध्ये नसतं तर गोळी इथे आली असती."

तिनं खिडकीकडे पाहिलं. मग फ्रिजवरच्या पाकिटाकडे. तिचा चेहरा उतरला. "तुम्ही कालच इथे बसून मला नकाशा काढून दिलात," ती म्हणाली. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "माझा नवरा म्हणत होता, शिकारीचे नऊ दिवस आपण शहरात जाऊन राहू. मी म्हटलं, कशाला, ऑर्लिन आहेत शेजारी."

दादा टोपी हातात फिरवत होता.

"मला आता तुम्ही दारात नको आहात," ती म्हणाली. "प्लीज."

पायऱ्या उतरून दादानं तिथेच उभं राहून शिकारीवर देखरेख करणाऱ्या सरकारी वॉर्डनला फोन लावला, स्वतःचं नाव, पत्ता, काय केलं ते सगळं सांगितलं. हरणाला हात लावू नका, मी येतो, असं वॉर्डन म्हणाला. आम्ही रिकामी घसरगाडी ओढत हद्दीपर्यंत आलो आणि ओकखाली टेकून त्याची वाट बघत बसलो. थर्मासमधली कॉफी कोमट झाली होती. तीच प्यायलो.

मला राग आला होता. त्याच्यावर, तिच्यावर, मेलेल्या कॅझवर, सगळ्यांवर. "एवढी वर्षं लोकांना शिकवत फिरलास," मी म्हटलं. "आणि घराच्या दिशेनं? तू? हाव सुटली का मोठं शिंग बघून?"

"हाव नव्हती."

"मग? डोळे?"

"डोळे चांगले आहेत." उरलेली कॉफी त्यानं बर्फावर ओतली. "व्हर्ना, मी वळलो, नेम धरला, मागे काय आहे ते बघितलं. दर वेळी बघतो तसंच बघितलं. मागे दलदल होती. झुडपं होती. घर नव्हतं."

सप्टेंबरातलं सांगून टाकावं, मला माहीत होतं रे, मीच गप्प बसले, असं म्हणावंसं वाटलं. मी तेच म्हणाले. त्यानं मान हलवली, जणू हे त्यालाही माहीत होतं.

समोर रेनाटाच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. खिडकीचा पडदा तिनं ओढून घेतला होता.

"आता दिसतंय का?" मी विचारलं.

त्यानं नीट पाहिलं, वेळ घेऊन.

"आत्ता दिसतंय," दादा म्हणाला. मग झाडाला टेकवलेली बंदूक उचलून त्यानं माझ्या मांडीवर ठेवली, आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.