सोवळ्यावरची ठिणगी

तुम्ही कधी दुसऱ्याच्या अंगावरच्या कपड्याचा धागा ओढून त्याला काडी लावली आहे का? नसेल लावली, तर लावू नका. का, ते सांगतो. तोवर चहा घ्या.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर पनवेलच्या आमच्या देवळाच्या पटांगणात जुन्या कारागिरीची प्रात्यक्षिके ठेवायचे ठरले. पहिला मान लोहारकामाला, तेही पेशवाईच्या काळातल्या. कारागीर काशिनाथ. सुकापूरला नव्या इमारतींच्या खिडक्यांना जाळ्या बसवतो. पण आजोबांची ऐरण आणि हाताने ओढायचा भाता त्याच्याकडे अजून आहे. पोशाख ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. खरे म्हणजे मी ते मागून घेतले. असत्य मला खपत नाही, आणि देवळाच्या आवारात तर मुळीच नाही.

मी काशिनाथला अंगरखा आणि पगडी सुचवली.

"भट्टीफुडं अंगरखा?" तो म्हणाला. "गुरुजी, त्यो लोहार पयल्याच घावाला पेटंल. आमचा आजा लंगोटीवर काम करायचा."

"लंगोटी चालणार नाही. समोर बायका बसणार."

"पेशवाईत बायका नव्हत्या काय?"

शेवटी गुडघ्यापर्यंत धोतर, सुती बंडी आणि डोक्याला मुंडासे, यावर तडजोड झाली. पण तो इतक्या सहज कबूल झाला की माझ्या मनात पाल चुकचुकली. जो विद्यार्थी चटकन 'हो गुरुजी' म्हणतो, त्याचे दप्तर आधी तपासावे.

म्हणून मी नियम जाहीर केला. अंगावर आजच्या काळातले काहीही असता कामा नये. ज्याचे वस्त्र नकली निघेल, त्याने ते उतरवायचे आणि प्रात्यक्षिक संपेपर्यंत भाता ओढायचा. शिक्षेवाचून नियम म्हणजे फळ्यावरचा सुविचार. रोज लिहितात, रोज पुसतात.

माइकला तेवढी सूट दिली. त्यावर मी बोलणार होतो.

त्या सकाळी मी काड्यापेटी घेऊनच उभा राहिलो. सुती धागा जळला की राख होते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. नकली धागा मात्र वितळतो आणि त्याची काळी, कडक गुठळी होते. करंजाड्याला आमच्याच मजल्यावर राहणारा कुलकर्णी प्रात्यक्षिकातले गिऱ्हाईक म्हणून फेटा बांधून आला होता. त्याच्या फेट्याचा धागा जळला, आणि गुठळी झाली.

"अहो, पुतण्याच्या लग्नातला फेटा आहे," कुलकर्णी म्हणाला.

"लग्नात खोटे चालत असेल. इथे नाही. भात्यावर बसा."

बिचारा बोडक्या डोक्याने बसला. मग काशिनाथच्या धोतराचा धागा जळला, बंडीचा जळला, मुंडाशाचा जळला. तिन्हींची राख. मला जरा वाईटच वाटले.

"आता तुमचा धागा," काशिनाथ म्हणाला.

मी सोवळ्यात होतो. ऐरणीची पूजा मी करणार होतो. रेशमी सोवळे आणि उपरणे, मुलाच्या मुंजीत घेतलेले. रोजची पूजा त्यातच.

"सोवळ्याला शिवू नकोस," मी म्हणालो. "काडी तर दूरच."

"बरं," तो म्हणाला, आणि हसला. ते हसू मी मनात नोंदवून ठेवले.

पूजा झाली. गर्दी जमली. काशिनाथने लोखंड तापत घातले, आणि तेवढ्यात मला दिसली ती पिशवी. तोंड घट्ट बांधलेली. त्याने ती भट्टीपाशी न ठेवता पार पलीकडच्या पिंपळाच्या फांदीला अडकवली होती. वर दोनदा मान वळवून बघितलेही. पिशवीत रबरी बूट असणार, नाहीतर रेक्झिनचे एप्रन. माझी पाठ फिरली की चढवणार.

मी आमच्या सौभाग्यवतींना हळूच म्हटले, "ती पिशवी बघून या."

"संशय तुमचा, पिशवी त्याची," त्या म्हणाल्या. "यात मी कुठे आले?"

मग मीच गेलो. गाठ सोडली. आत पांढऱ्या पंच्यात काहीतरी गुंडाळलेले होते. उलगडले. तांदळाच्या भाकऱ्या, आणि वर सुक्या बोंबलांची चटणी.

सोवळ्यात, पूजा करून, देवळाच्या आवारात, माझ्या दोन्ही हातांत बोंबील!

"म्हून लांब टांगलेली, गुरुजी," भट्टीपासून काशिनाथ ओरडला. गर्दी वळून बघू लागली. "म्हटलं देवाला वास नको, तुमाला त्रास नको. तुमीच शोधून काढलात."

शहाणा माणूस तिथे थांबला असता. मी विचार केला, पिशवीत नाही म्हणजे अंगावर आहे. आणि खरोखर, घण उचलताना काशिनाथच्या कमरेला काहीतरी चकाकले. पट्ट्याचे बक्कल! मी हात धुतले, माइक उचलला, गर्दीपुढे बांधलेला दोर ओलांडून आत गेलो आणि त्याच्या कमरेपाशी वाकलो.

"मागं सरा, गुरुजी."

"कमरेला काय आहे ते दाखव."

"चांदीचा करगोटा हाय. आजाचा. सरा मागं."

आजोबांचा करगोटा. मी सरळ होईपर्यंत घण खाली आला होता. ठिणग्या उडाल्या, आणि त्यातली एक माझ्या सोवळ्याच्या निऱ्यांवर बसली.

मी केसांच्या वासाची वाट पाहिली. वास आला तो प्लास्टिकची बादली जळाल्याचा. निऱ्यांत वाटाण्याएवढे भोक पडले, आणि त्याच्या कडेने काळी, कडक गुठळी. माइक माझ्या हातात, आणि थोड्या वेळापूर्वी मीच त्यावरून साऱ्या पटांगणाला काडीची परीक्षा समजावून सांगितलेली. पुढच्या रांगेतल्या मावशींनीच निकाल दिला, "नकली हाय वो."

मुलाची मुंज झाली, त्याचे लग्न झाले, त्याला मुलगा झाला. तेव्हापासून रोज सकाळी मी देवापुढे त्या कापडात बसत होतो. हे सारे मनात आले.

"देवाला ठाऊक असणार," सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या. "त्याने कधी तुमचा धागा काढून बघितला नाही, एवढेच."

कुलकर्णी भात्याची दोरी सोडून उठला. ती त्याने माझ्यापुढे धरली.

"माझी पँट आणि सदरा गाभाऱ्याबाहेर ठेवला आहे. बदलून येतो," मी म्हणालो.

"पँट पेशवाईत नव्हती," काशिनाथ म्हणाला. "तुमीच सांगितलंत. लंगोटी पन चालनार नाय. बायका बसल्यात."

मग तोच पिंपळाकडे गेला. भाकऱ्या पिशवीत ठेवल्या, पंचा झटकला, त्याचा एक धागा ओढून माझ्याच काडीने जाळला आणि सगळ्यांना दाखवला. राख.

देवळामागे जाऊन मी तो पंचा नेसलो. उरलेले प्रात्यक्षिक संपेपर्यंत भाता मी ओढला. अंगावर एकच वस्त्र होते. शुद्ध सुती, पूर्णपणे काळाला धरून; आणि भात्याच्या प्रत्येक वाऱ्याबरोबर त्यातून बोंबलाचा वास येत होता.