औंधची साडेअकराची एसटी

मी औंधच्या यमाईशी नऊ वर्षं बोलत नव्हते. वाचून हसू येईल, पण खरं आहे ते लिहिते. यमाई ही माझ्या माहेरची देवी. लग्न झालं की बाईचं कुळ बदलतं आणि कुळाबरोबर देवही बदलतात. माझ्या सासरचं दैवत ज्योतिबा, त्याचं सगळं मी रीतीनं केलं, कधी चुकवलं नाही. पण लहानपणी तापात कण्हताना तोंडात बसलेलं नाव सासरी आल्यावर कसं बदलणार? मी सांगलीत शिवणकाम करते. सुई बोटात गेली की आजही ‘यमाई गं’ हेच निघतं. आईनं लग्नात दिलेली तिची तसबीर माझ्या मशीनच्या वर टांगलेली होती. नऊ वर्षांपूर्वी ती मी खाली काढली आणि कपाटात साड्यांखाली पालथी घालून ठेवली. यजमान म्हणाले, ‘दोघी सारख्याच हट्टी. आता आधी कोण बोलतंय ते बघू.’ मला तेव्हा हसू आलं नाही.

कारण सांगते. माझं माहेर रहिमतपूर-औंध रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत, पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. सांगलीहून जायचं तर सकाळच्या पॅसेंजरनं रहिमतपूरला उतरायचं, स्टेशनवरून रिक्षानं एसटी स्टँड गाठायचा आणि साडेअकराची औंध गाडी धरायची. ती चुकली की पुढची दोनला. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा, बापूचा, सकाळीच फोन आला. ‘आक्का, आजच ये. आई सारखं तुझं नाव घेतीया.’ मी मशीनवरचं ब्लाऊज तसंच टाकलं आणि निघाले. त्या वेळी रूळ एकेरी होते. समोरून गाडी यायची असली की आमची पॅसेंजर कुठल्यातरी स्टेशनात बाजूला उभी राहायची. त्या दिवशी ती मसूरला उभी राहिली आणि हलायचं नावच घेईना. माझ्या फोनची बॅटरी तिथंच संपली. माणसं खाली उतरून गप्पा मारत होती, कुणी पेरू खात होतं, आणि मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकून एकच धोशा लावला होता, ‘आई यमाई, मला दुसरं काही नको. तेवढी साडेअकराची एसटी धरून ठेव.’

रहिमतपूरच्या स्टँडवर पोचले तेव्हा साडेबारा होत आले होते आणि गाडी गेलेली होती. दोनच्या गाडीनं घरी गेले तर अंगणात माणसं बसलेली. आई सव्वाबाराला गेली होती. बापू ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. माझ्याकडं बघून तो एवढंच म्हणाला, ‘आलीस व्हय? आता कशाला आलीस?’

हे वाक्य मी उरात घेऊन परत आले. तेराव्याला निघताना मागं वळूनही बघितलं नाही. आई गेली त्या रात्री फोन सुरू केला होता तेव्हा त्यावर बापूचे पाच मिस्ड कॉल येऊन गेल्याचे मेसेज दिसले होते. आई गेल्याचं सांगायला केले असतील, असं धरून मी वेळसुद्धा न बघता ते पुसून टाकले. त्यानंतर माहेरी पाऊल टाकलं नाही. भावजय दर दिवाळीला न चुकता फोन करायची, ‘वन्सं, भाऊबिजेला या की.’ मी कामाचं कारण सांगायची. आणि भाऊबिजेच्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्या बायकांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. मला भाऊ होता, तीन तासांच्या वाटेवर होता, आणि तरी मी तबक घेऊन गच्चीवर उभी असायची. शेजारीण एकदा विचारून बसली, ‘तुम्हाला भाऊ नाही का हो?’ मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

राग होता हे खरं, पण रागाच्या तळाशी ओढच होती. पहाटे रेल्वेची शिट्टी ऐकू आली की मी अंथरुणात पडल्या पडल्या एकेक स्टेशन मोजत जायची. भिलवडी, ताकारी, शेणोली, कराड. मसूरपाशी आले की कूस बदलायची. पौष महिना लागला की जिवाची तगमग व्हायची, कारण औंधची यात्रा पौषात असते, आणि आईनं तिच्या शेवटच्या पौषात एक हिरवा खण माझ्या हातात दिला होता. ‘माझ्यानं आता डोंगर चढवत न्हाई. तू जाऊन आईची ओटी भर,’ असं म्हणाली होती. तो खण त्या तसबिरीशेजारीच कपाटात पडून होता. आईचा शब्द मोडल्याची टोचणी एकीकडं, आणि जिनं माझी एवढीशी विनवणी ऐकली नाही तिची ओटी मी का भरू, हा फणकारा एकीकडं.

या पौषात माझे गुडघे बोलायला लागले. पायानं मशीन मारण्यात आयुष्य गेलं, ते आता वसूल होतंय. डॉक्टर म्हणाले, ‘पायऱ्याबियऱ्या आता फार दिवस जमायच्या नाहीत.’ ते सहज म्हणाले, पण मला औंधचा डोंगर दिसला. घरी येऊन कपाट उघडलं. खण घडीवर विरला होता. मी त्याला मागून अस्तराची पट्टी लावली, काठ दुमडून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर धरली. बेत पक्का होता. देवीची ओटी भरायची, तिला एक प्रश्न विचारायचा आणि संध्याकाळी परत. फाट्यावर उतरायचं नाही, खिडकीतून तिकडं बघायचंही नाही. प्रश्न एकच होता. ‘तेवढी एक गाडी धरून ठेवली असतीस, तर तुझं काय बिघडलं असतं?’

दोन्ही बाजूंना ऊसतोड चालू होती. आता दुहेरी रूळ झालेत, तरी गाडीला उशीर झालाच. कराड मागं पडलं. मसूरला गाडी मिनिटभर थांबली आणि निघालीसुद्धा. त्या फलाटाकडं मी बघितलं नाही. रहिमतपूरला उतरून रिक्षानं स्टँडवर आले तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. म्हटलं, झालं, आजही तेच.

पण औंधची गाडी उभी होती. आतून कुणीतरी ओरडत होतं, ‘मास्तर, बेल मारा की! कवाधरनं बसलोय!’ कंडक्टर दारात उभा राहून रस्त्याकडं बघत होता. पिकल्या मिशांचा, निवृत्तीला आलेला माणूस. ‘रेल्वेची माणसं येऊ द्या, मग निघू,’ तो शांतपणे म्हणाला. मला बघून त्यानं हात पुढं केला, ‘या मावशी, सावकाश या.’ मी पुढच्याच सीटवर टेकले. औंधचं तिकीट काढलं आणि बोलायचं म्हणून बोलले, ‘बरं झालं बाई थांबलात. एवढं कोण थांबतं?’

तो माझ्यासमोरच्या दांड्याला टेकून उभा राहिला. ‘पूर्वी मीबी थांबत नव्हतो,’ म्हणाला. ‘नऊ वर्सं झाली. ह्याच गाडीवर हुतो. एक गडी आला, हातात औषधाची पिशवी. वर चढंना आन् खालीबी उतरंना. एक पाय पायरीवर, एक भुईवर. म्हणला, माझी बहीण सांगलीस्नं रेल्वेनं येतीया, आई लय सिरीयस हाय, वाईच दम धरा. दार लागल्याबिगर बेल कशी मारायची? धा मिन्टं झाली, वीस झाली. लोक शिव्या द्यायला लागले, मीबी दिल्या. त्यो सारखा फोन लावायचा, फोन लागंना. अर्ध्या तासानं डायवर खाली उतरला तवा त्यानं पाय आत घेतला. फाट्यावर उतरला आन् पळत सुटला. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावचं माणूस भेटलं. म्हणलं, त्यो पोचायच्या पाव तास आधी म्हातारी गेली. गाडी येळंवर सुटली असती तर गावली असती त्याला. तवापास्नं मावशी, रेल्वेची माणसं आल्याबिगर मी बेल मारत न्हाई.’

मी विचारलं, ‘कुठला फाटा?’ विचारायची गरज नव्हती. त्यानं आमच्याच फाट्याचं नाव घेतलं.

पुढचा रस्ता मला दिसला नाही. पदर तोंडात धरून बसले होते. मसूरला गजाला कपाळ टेकून मी जे मागितलं होतं ते मिळालं होतं. गाडी धरून ठेवली होती, चांगला अर्धा तास, शिव्या खात. माझ्याच भावाच्या पायानं धरली होती. ते पाच मिस्ड कॉल स्टँडवरून आलेले होते, ‘कुठवर आलीस’ म्हणून. त्यानं पाय आधी आत घेतला असता तर आई त्याला भेटली असती. मला तिचं तोंड दिसावं म्हणून त्याचंच बघायचं राहिलं, आणि मी नऊ वर्षं त्याच्या जागी चंद्राला ओवाळत राहिले. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

फाटा आला तेव्हा मी उठून उभी राहिले. ‘मावशी, तुमचं औंधचं तिकीट हाय,’ कंडक्टर म्हणाला. मी म्हटलं, ‘असू दे. मला इथंच उतरायचंय.’

बापू अंगणात शेळ्यांना पाला टाकत होता. केस पार पांढरे झालेले. मला बघून त्याच्या हातातला पाला तसाच राहिला. मी विचार केला होता नीट बोलायचं, पण तोंडातून निघालं ते रडतच. ‘अर्धा तास पाय ठेवून उभा होतास, आणि मला सांगितलं नाहीस?’

त्यानं हातातला पाला शेळीपुढं टाकला. मग म्हणाला, ‘सांगून काय झालं असतं, आक्का? तुझ्यापायी बापूला आई दिसली न्हाई, हे तुला जलमभर लागून राह्यलं असतं.’

‘मग तसं का बोललास?’

‘गेलं तोंडातनं. लय राग आलता. तुझा न्हवता. कुणाचा हुता त्येच कळत नव्हतं.’ आणि मग, जणू मी कालच येऊन गेले होते अशा आवाजात, ‘जेवलीस का?’

भावजयीनं चुलीवरून उतरलेली गरम भाकरी आणि हरभऱ्याची भाजी वाढली. मी जेवले, ती समोर बसून डोळे पुसत राहिली. बापूला औंधला चल म्हटलं तर त्यानं खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला. दोनची गाडी धरायला आम्ही फाट्याकडं निघालो. माझे गुडघे ते, मी आपली एकेक पाऊल टाकत होते. वळणावर गाडीचा हॉर्न ऐकू आला तसा बापू पळत पुढं गेला. मी पोचले तेव्हा त्याचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता, एक भुईवर, आणि तो मागं वळून माझ्याकडं बघत होता. कंडक्टर सकाळचाच होता. त्यानं त्या पायाकडं बघितलं, मग बापूच्या तोंडाकडं, मग माझ्याकडं. बेलच्या दोरीवरचा हात त्यानं खाली घेतला. ‘सावकाश या, मावशी,’ तो म्हणाला. तिकिटं फाडून झाल्यावर तो बापूच्या शेजारी येऊन बसला.

डोंगरावरच्या मूळपीठाच्या, देवीच्या जुन्या देवळाच्या, पायऱ्या मी बापूचा हात धरून चढले. ऊन कलायला लागलं होतं, खाली शेतं पसरलेली होती, आणि मला आई दर पायरीला कशी ‘यमाई, यमाई’ करत चढायची ते आठवत होतं. गाभाऱ्यासमोर उभी राहिले. अस्तर लावलेला खण, नारळ, तांदूळ, सगळं नीट ओटीत घातलं. उरलेलं कुंकू बोटावर घेऊन तिथंच बापूच्या कपाळाला लावलं. तबक नव्हतं, दिवा नव्हता, तो तिचाच समोर तेवत होता, तेवढा पुरला.

मी आणलेला प्रश्न मी विचारलाच नाही, त्याला आता जागाच नव्हती. आपण मागतो, आणि ते कुणाच्या हातानं येतं, त्याला त्यापायी काय सोसावं लागतं, हे आपल्याला दिसत नाही. दिसेपर्यंत धीर धरायचा आणि तोवर तिच्यावर सोपवून राहायचं, एवढं मला या वयात उमगलं. आई मला भेटली नाही, ते दुःख आहे तिथंच आहे. पण तसबीर आता पुन्हा मशीनच्या वर आहे, आणि या दिवाळीला मी गच्चीवर जाणार नाही.

त्या दिवशी हात जोडले तेव्हा नऊ वर्षांनी मीच आधी बोलले. म्हटलं, ‘आई, तू गाडी धरली होतीस गं. मलाच उशीर झाला.’