पाणी कुणी घातलं

“गोठ्यातली बाई. दुसरं कोन घालनार पानी?”

दूध केंद्रावर, सगळ्या रांगेसमोर, आबांनी माझ्या आईकडे बोट दाखवलं. मी अकरा वर्षांची. शाळेच्या गणवेशात, टायसकट, तिच्या मागे उभी. आबांच्या कॅनमधल्या दुधाची डिग्री कमी लागली होती, म्हणजे त्यात पाणी होतं. दूध परत.

आबा पणदऱ्याजवळचे मोठे बागायतदार. आई त्यांच्या वीस गाई सांभाळायची. बारामतीच्या इंग्रजी शाळेत मला प्रवेश मिळाला तो त्यांच्याच शब्दावर. त्यांच्या गाडीतून मी जायचे. मागे, त्यांच्या नातवंडांची दप्तरं मांडीवर घेऊन.

पाणी घालताना मी पाहिलं होतं. आबांच्या मुलाला. बोअरचा पाइप सरळ कॅनमध्ये.

रांगेत कुणीतरी हसलं. “बाईला इचारा तरी, आबा. का गाईनंच वतलं?”

“बोल गं,” आबा म्हणाले. “आन् पोरीच्या शाळंचा इचार करून बोल.”

आई खाली बघत म्हणाली, “व्हय. मीच घातलं.”

हीच आई धार काढताना मला एक गोष्ट सांगायची. वाघाच्या तावडीत सापडलेली गाय. वासराला पाजून येते म्हणते, आणि खरंच परत जाते. शाळेच्या पुस्तकात वाघ तिला सोडून देतो. आईच्या गोष्टीत तसं नव्हतं. “सोडली का गं?” मी विचारायचे. “कुनाला ठावं. पर ती गेली.”

वर्गातसुद्धा माझा आवाज निघत नसे. तिथे, केंद्रावर, निघाला. “आई खोटं बोलतेय. पाणी तुमच्या मुलानं घातलं. मी बघितलंय.”

आबांनी हात उगारला नाही. “शिकवल्याचं फळ,” एवढंच म्हणाले.

आईचं काम त्याच दिवशी गेलं. शाळा सोडल्याचा दाखला वर्षाअखेरीला हातात आला. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. ती गोष्ट तर तिने पुन्हा कधीच सांगितली नाही.

अजून म्हणते, “गप बसली असतीस तर कुठल्या कुठं गेली असतीस.”

“गाईची गोष्ट तूच सांगायचीस ना?” मी विचारते. ती उठून जाते.

गेले असते, खरं आहे. आईवर खोटा आळ राहू देऊन गेले असते. ते शिक्षण मला नको होतं, आजही नको. पुन्हा तशी वेळ आली, तर मी पुन्हा बोलेन. आईने तोंडावर हात ठेवला, तर तो बाजूला करून.