माहेर निघालं न्यूयॉर्कला

अमरावतीत माझं विमानाच्या तिकिटांचं छोटं दुकान आहे. या धंद्यात गिऱ्हाईक तिकीट घेऊन जातं, किस्सा मात्र दुकानातच सोडून जातं. त्यातले निम्मे एकट्या सुमनमावशींचे आहेत.

मावशी वरूडच्या, घरची संत्र्याची बाग. लेक न्यूयॉर्कला, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा आपल्याकडचा रिवाज. पण लेकीला डॉक्टरांनी विमानप्रवास मना केला होता. मग मावशींनी ठरवलं, माहेरच तिकडे न्यायचं. अट एकच, बाळाच्या आधी पोचायचं.

तिकीट हातात दिलं. लंडनला विमान बदलायचं, तिथून सकाळी अकराला निघणार, न्यूयॉर्कला दुपारी दोनला उतरणार. मावशींनी बोटं मोजली.

"तीन घंट्यात समुद्र? अन् आमची अकोल्याची बस मूर्तिजापूरलेच अर्धा घंटा उभी राह्यते!"

मी समजावलं, अंतर साडेपाच हजार किलोमीटर, लागतात आठ तास, पण तिकडची घड्याळं पाच तास मागे असतात. मावशी एकदम खूश झाल्या. बाळाला गाठायला पाच तास फुकटात मिळाले म्हणाल्या. मी पुन्हा समजावायला गेलो, तर त्यांनी तिकीट पिशवीत टाकलं.

भाऊराव, म्हणजे त्यांचे यजमान, ट्रॅक्टरवाले माणूस. त्यांची चिंता वेगळीच.

"मंधात गाडी थांबतच नाई? मंग डायवर चहा कुठं पेते?"

विमानातच पितो म्हटलं.

"तवा गाडी कोन हाकते?"

जायच्या दिवशी घोळ झालाच. लंडनला विमान दोन तास लेट, आणि तिकडे लेकीला कळा सुरू. मावशींचा लंडनहून फोन आला, डॉक्टरला म्हणावं जरा दमानं घे.

विमान उडालं तसे भाऊराव माझ्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. विमान कुठे पोचलं ते दाखवणारा नकाशा मी लावून दिला. पडद्यावर निळा समुद्र आणि त्यात एवढंसं विमान. दुकान बंद करायची वेळ झाली तरी विमान निम्म्यातच. भाऊरावांनी चहासुद्धा घेतला नाही. खरं सांगतो, माझाही जीव टांगणीला लागला होता.

"हे तं सरकूनच नाई राह्यलं," एवढंच ते अधूनमधून म्हणत होते.

त्या दिवशी ते वरूडला गेलेच नाहीत, माझ्याच घरी थांबले. सकाळी चहाच्या वेळी जावयांचा फोन आला. मावशी दवाखान्यात पोचल्या आणि दीड तासात नात झाली! भाऊरावांचे डोळे भरून आले. माझेही.

जावई म्हणाले, जन्म सोमवारी रात्री साडेआठचा. भाऊरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. इकडे मंगळवार उजाडला होता. आता वाढदिवस कोणत्या तारखेला करायचा? जावयांनी सांगितलं की दवाखान्याने कागदावर सोमवारच लिहिला आहे.

तेवढ्यात मावशींनी फोन घेतला.

"त्याइले लिहू द्या सोमवार. बाळंतपण माहेरचं हाये. वरूडात आज मंगयवार हाये ना? मंग झालं तं."