नंबर चपलेचा

सदर व्यक्तीचे नाव सौ. साळूबाई कडूबा गाडेकर. राहणार हर्सूलच्या पुढे, गेल्या वीस वर्षांपासून नवीन असलेल्या वसाहतीची तिसरी गल्ली. वय आधार कार्डानुसार एकसष्ट. कार्डावरील जन्मतारीख एक जानेवारी असून तिच्या गावातील त्या पिढीचे बहुतेक सर्वजण त्याच दिवशी जन्मले आहेत. बांधा मध्यम, वर्ण सावळा, ओळखीची खूण आवाज. पद : टँकर रांग नियंत्रक (मानद). नेमणूक कोणीही केलेली नाही, सबब बडतर्फीचा अधिकारही कोणास नाही. कार्यक्षेत्र टँकरचा पाइप पोहोचेल तेथवर. वर्तणूक कडक. पक्षपाताची तक्रार आजतागायत नाही.

एवढं झाल्यावर माणसाबद्दल बोलायला हरकत नाही.

तिसऱ्या गल्लीत टँकर येतो तेव्हा रांगेत माणसं नसतात, ड्रम असतात. माणसं आपापल्या कामाला जातात आणि त्यांच्या वतीनं निळा ड्रम उन्हात उभा राहतो. ड्रम म्हणजे माणूस, हा साळूबाईचा पहिला नियम. पाइप जवळ आला की मालक हजर पाहिजे, नाहीतर ड्रम मागं, हा दुसरा. एकदा कुणा पुढाऱ्याचा मेव्हणा गाडी लावून थेट पाइपाशी आला, तेव्हा साळूबाई फक्त "पाव्हणे, ड्रम कुठाय?" एवढंच म्हणाली होती. पाव्हणे ड्रम आणायला गेले, ते अजून आलेले नाहीत.

तिसरा नियम ती कुणाला सांगत नाही, फक्त पाळते : रांग लावणाऱ्याचा नंबर शेवटी. त्यापायी गाडेकरांचा ड्रम बहुतेक वेळा अर्धाच भरतो. तिचा मुलगा विश्वजीत वाळूजला कंपनीत आहे. तो पाळी संपवून घरी येतो, ड्रममध्ये डोकावतो आणि चिडतो.

"आई, सगळ्या गल्लीला पानी देतीस, अन् आपलाच ड्रम अर्धा कामून?"

"अर्धा हाय म्हनून तर लोक ऐकतेत माझं," साळूबाई म्हणते.

यावर विश्वजीत बादलीनं अंघोळ करायचा विचार सोडून तांब्यानं करतो.

मे महिन्याच्या सुटीत गल्लीनं सहल काढली. कय्युमभाई एका कंपनीच्या कामगारांची ने-आण करतो. रविवारी त्याची मिनीबस रिकामी असते आणि ती त्याला रिकामी पाहवत नाही. पुण्याच्या अलीकडं मौजनगरी नावाचं भलंमोठं उद्यान निघालं आहे, तिथं जायचं ठरलं. कय्युमची बायको अनवरी आणि साळूबाई शेजारणी. दोघींच्या घरांत एक सामाईक भिंत आणि एक जुनी कुरबुर आहे. दोन्ही भक्कम आहेत. बसमध्येही त्या शेजारीच बसल्या.

साळूबाई कशाला येते आहे याबद्दल गल्लीची खात्री होती. ती डबे सांभाळील, पिशव्या सांभाळील आणि लेकरं हरवू देणार नाही. नगर मागं पडल्यावर तिनं अनवरीला हळूच सांगितलं, "भाभी, आपल्या नातीच्या, सायलीच्या मोबाइलमधी ते उलटं व्हनारं हाय ना, ते मला पाहायचंय."

"पाहायचं का बैठायचं?"

साळूबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. "बसायचं."

अनवरी आधी हसली, मग हसायचं नाही हे तिच्या लक्षात आलं.

"खुलताबादच्या उरसात पाळना येतो बघ," साळूबाई म्हणाली. "लहान व्हते तवा भाऊ कडंवर व्हता. मग पोरं कडंवर. मग ही सायली. ज्याला त्याला वर धाडलं, अन् मी खाली. पाळना कसा असतो ते मला खालूनच म्हाईत हाय."

"मग आज बैठ. तुझ्या पिशव्या मैं धरती."

हा करार नगरच्या पुढं कुठंतरी झाला आणि त्याला साक्षीदार नव्हते.

मौजनगरीच्या वेशीवर प्लॅस्टिकचा डायनोसॉर होता. तो अधूनमधून मान हलवून डरकाळी फोडायचा आणि डरकाळी थांबली की लोक तक्रार करायचे. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती, त्यामुळं सगळ्यांनी फाटकाबाहेरच धपाटे संपवले आणि जड अंगानं आत शिरले. आत राजवाडा होता, भूतबंगला होता. कय्युमभाई भूतबंगल्यात एका दारानं शिरून त्याच दारानं बाहेर आला. एक फायबरचं लेणंही होतं. वेरूळपासून तासाभराच्या अंतरावर राहणारे आम्ही लोक ते पाहायला तिष्ठत उभे राहिलो. खरं लेणं गल्लीतल्या निम्म्या लोकांनी अजून पाहिलेलं नाही. तिथं काही हलत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

उलटं होणाऱ्या पाळण्याचं नाव गरुडभरारी. लोखंडी रुळावरून गाडी टेकडीएवढी चढते, खाली कोसळते, दोनदा उलटी होते आणि जिथून निघाली तिथंच परत येते. खाली कठड्यांच्या आत रांग होती आणि ती रांग पाहून साळूबाईच्या मनाला यातना झाल्या. एकटा माणूस उभा असायचा. रांग पुढं सरकली की कुठून तरी त्याचं अख्खं खानदान प्रकट व्हायचं. मागचे ओरडायचे, मग मागच्यांचंही खानदान प्रकट व्हायचं. गणवेशातली निशा नावाची बाई दारापाशी शिट्टी वाजवत होती. सकाळपासून त्या शिट्टीचा उपयोग एवढाच झाला होता, की पोरांना ती फार आवडली होती.

ऊन वाढलं. गल्लीतल्या कुणाला तहान लागली, कुणाला दुसरं काही लागलं. "जा तुमी," साळूबाई म्हणाली, "चपला ठेवा हितं." माणसं गेली, चपला राहिल्या. सून घाईत चपला घालूनच निघून गेली होती, तिच्या जागी साळूबाईनं स्वतःच्या चपला काढून ठेवल्या. रांग सरकली की छत्रीच्या टोकानं ती सगळ्यांना एकेक पाऊल पुढं ढकली.

मागं गॉगल लावलेले एक गृहस्थ सहकुटुंब उभे होते. त्यांनी हा प्रकार काही वेळ पाहिला.

"आजी, ह्या चपला कुणाच्या?"

"ह्या कय्युमभाईच्या. त्या त्याच्या बायकोच्या. ते बूट कचरूचे, तेवढे जरा लांबूनच बघा."

"आणि माणसं कुठेत?"

"पानी प्यायला."

"असं कसं? चपलांचा नंबर लागत नसतो."

"कामून? माणूस सरकतंय तशी चप्पल सरकती. उलट चप्पल मधी घुसत नाय, धक्का देत नाय, मोबाइलवर गानं वाजवत नाय. दोघांत कुनाला उभं करावं, तुमीच सांगा."

गृहस्थांच्या पत्नीनं सँडल काढल्या, चपलांच्या मागं नीट जोडून ठेवल्या आणि ती लिंबाच्या सावलीत जाऊन बसली. क्रांत्या अशाच होत असाव्यात.

थोड्या वेळात कठड्यांमध्ये माणूस उरला नाही. सगळी जनता लिंबाखाली आणि उन्हात चपलांची लांबलचक, शिस्तीची रांग. तिच्या कडेनं छत्रीवाली साळूबाई. गाडी भरायची वेळ आली की ती हाक देई, मालक पळत येत आणि गाडीत बसत. पायातलं काढून ठेवल्याशिवाय गरुडभरारीत बसता येत नाही, हा तिथला नियमच होता, त्यामुळं निशाचं अर्धं काम आपोआप झालं. तिनं शिट्टी खिशात घातली.

"आजी, तुम्ही कुठल्या?"

"आमी हर्सूलचे."

गर्दीत काही शहरातले लोक होते. त्यांना हर्सूल म्हटलं की आधी मध्यवर्ती कारागृह आठवतं. त्यानंतर साळूबाईशी कुणी वाद घातला नाही.

एक तरुण आइस्क्रीम घेऊन उशिरा आला, तोवर त्याचे बूट शेवटी गेले होते. "पाइप आला तवा माणूस पायजे," साळूबाईनं त्याला समजावलं. कुठला पाइप हे त्याला कळलं नाही, पण तो मुकाट्यानं मागं गेला. गॉगलवाले गृहस्थ आता तिच्या शेजारीच उभे होते. नवीन धर्म स्वीकारलेल्या माणसाच्या उत्साहानं ते लोकांना सांगत होते, "चप्पल म्हणजे माणूस, समजलं का? जोडी पाहिजे. एका चपलेवर नंबर नाही."

गल्लीतले सगळे बसून आले. सून आली तेव्हा साळूबाईच्या चपला रांगेतून निघाल्या. अनवरीनं त्या उचलून पिशवीत टाकल्या. "तू उघड्या पायानंच बरी पळतेस," ती म्हणाली. मग तीही बसून आली, बुरखा चापूनचोपून.

"कैसा व्हता गं?" साळूबाईनं विचारलं. हिंदी ती फक्त उत्सुकतेच्या भरात बोलते.

"क्या मालूम. आँखे बंद करली मैंने. लई मजा आली. तू कवा बसती?"

"ही रांग सरली की."

"अगे साळूबाई, टँकर रिकामा हो जाता. ये झूला रिकामा नहीं होता!"

साळूबाईनं वळून पाहिलं. टँकर संपतो, म्हणून गल्लीतली रांगही संपते आणि शेवटच्यालाही अर्धा का होईना ड्रम मिळतो. इथं फाटकातून नवीन माणसं येत होती आणि अशी सोयीची रांग पाहून दुसऱ्या पाळण्यांवरचे लोकही चपला काढून इकडं यायला लागले होते. तिनं रांग जितकी नीट लावली, तितकी ती लांबत गेली. शेवट नावाची जागाच नव्हती आणि तिचा नंबर तर शेवटी.

ती छत्री थोडी जोरात चालवायला लागली.

ऊन कलायला लागलं तसा कय्युमभाई येऊन उभा राहिला. त्याला सोमवारी पहाटेची पाळी गाठायची होती. "चला, चला, सामान उचला."

"आजी, तू घुस ना मधी," सायली कासावीस होऊन म्हणाली. तिला एव्हाना अनवरीकडून सगळं कळलं होतं. "तुला कोन काय म्हननारे?"

"कुनी काय म्हननार नाय, म्हनून तर घुसता येत नाय."

तेवढ्यात गाडी परत आली. निशानं जागा मोजल्या, लोक बसले, एक जागा उरली. पुढची जोडी तपकिरी रेक्झिनची होती, एका चपलेचा पट्टा काळ्या दोऱ्यानं शिवलेला.

"ह्या कुणाच्या?" निशानं विचारलं.

लिंबाखालून कुणी उठलं नाही. साळूबाई त्या चपलांकडं पाहतच राहिली.

"मालक हजर नसेल तर मागं!" गॉगलवाल्यांनी पुकारा केला.

"मालकीन हितंच खडी है," अनवरी सावलीतून ओरडली. "वो छत्रीवाली!"

झालं होतं असं, की अनवरीनं त्या चपला केव्हाच पिशवीतून काढून रांगेच्या शेवटी, अगदी रीतसर, ठेवून दिल्या होत्या. दुपारभर साळूबाईनं स्वतःच्याच छत्रीनं त्या पाऊल-पाऊल पुढं आणल्या होत्या. कुणाची चप्पल आहे हे ती बघतच नाही. हाच तर तिचा लौकिक.

"मी नंबर लावला नाय," ती गडबडून म्हणाली. "ह्या रद्द. पुढचा घ्या."

गॉगलवाल्यांनी गॉगल काढला. "आजी, चप्पल म्हणजे माणूस. तुम्हीच म्हणालात."

"रांग लावनाऱ्याचा नंबर शेवटी असतो, दादा."

"हे तुम्ही आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. आता मधेच नियम काढायचा नाही. बरोबर की नाही हो?"

लिंबाखालून एकमुखानं "बरोबर!" असं आलं. गृहस्थांनी तिच्या हातातून छत्री काढून घेतली, हळू, पण अधिकारानं. छत्री गेल्यावर साळूबाई एकदम कुणीतरी साधी बाई दिसायला लागली.

"बीपी आहे का, आजी?" दांडी लावताना निशानं विचारलं.

"हाय की. पन ते मी लोकांचं वाढवते."

तिनं पदर कमरेला खोचला, दांडी दोन्ही हातांनी धरली आणि गाडी टेकडीवर चढायला लागली. खाली गल्ली माना वर करून उभी. टोकाशी गाडी क्षणभर थांबली, तेव्हा कय्युमभाईनंही घाई करणं सोडलं. मग ती कोसळली. बाकीच्या किंकाळ्यांत एक आवाज सगळ्यांना ओळखू आला. "सरका!" साळूबाई समोरच्या मोकळ्या आभाळाला सांगत होती. "सरका, सरका, सरका!" गाडी उलटी झाली, सुलटी झाली, पुन्हा उलटी झाली. आभाळ सरकलं की नाही ते सांगता येत नाही, पण आवाज शेवटपर्यंत कमी झाला नाही.

खाली आली तेव्हा अंबाडा सुटला होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सायलीला वाटलं, आजीला चक्कर आली. अनवरीनं तिला पाणी दिलं.

"कैसा व्हता?" अनवरीनं विचारलं.

साळूबाईनं अंबाडा बांधला. "पाळनाच हाय," ती म्हणाली. "पन भाभी, तू आँखे कामून बंद केल्यास?"

मग तिनं पाण्याची बाटली सायलीकडं दिली आणि चपला पुढ्यात ठेवल्या असतानाही त्या घातल्या नाहीत.

अहवालापुरते नमूद करावयाचे तर, सौ. साळूबाई कडूबा गाडेकर यांचे पद कायम आहे. त्यांनी आपल्या संपूर्ण सेवाकाळात रांगेचा भंग केल्याची कोठेही नोंद नाही. वसाहतीबाहेरही त्यांनी केलेली रांगव्यवस्था सर्वांस अनुकरणीय ठरली असून, त्यांच्या पश्चात एका गृहस्थांनी ती छत्रीसह समर्थपणे सांभाळली.

कय्युमभाईची बस उशिरा सुटली, कारण साळूबाई गरुडभरारीत दुसऱ्यांदा बसायला कठड्याखालून वाकून मधेच घुसली होती.